सुट्टीला कोल्हापुरात आलात तर भिंतींवरची चित्रं अशी शोधा

कोल्हापुरातली भिंतचित्रं एका जागी गोळा होऊन बसलेली नाहीत. तालमीच्या दारात, शाळेच्या कंपाउंडवर, दुकानाच्या शटरवर, देवळाच्या बाजूच्या भिंतीवर, नाहीतर गावाकडच्या रस्त्याला लागल्यावर गोठ्याच्या भिंतीवर अशी ती विखुरलेली असतात. ती रंगवणारा बहुतेक वेळा जवळपासचाच एखादा पेंटर असतो. म्हणून इथं नकाशापेक्षा माणूस जास्त उपयोगी पडतो, आणि नातेवाइकांकडे सुट्टीला आलेल्याकडे माणसं आयतीच असतात. दोन सकाळी आणि एक संध्याकाळ मिळाली तरी भरपूर बघून होतं. फक्त वेळ, दिशा आणि विचारायची पद्धत जमायला हवी.

पहिली चौकशी घरातच

पहिल्या संध्याकाळी सगळे चहाला बसले की विषय काढा. ‘म्युरल कुठं आहे?’ असं विचारलं तर लोक चौकातलं सिमेंटचं किंवा फायबरचं उठावचित्र सांगतात. त्यापेक्षा ‘जाता-येता भिंतीवर रंगानं काढलेलं चित्र कुठं दिसतं?’ असं विचारा. घरातल्या प्रत्येकाला वेगळ्या भिंती माहीत असतात. शाळकरी पोरांना शाळेच्या बोलक्या भिंती तोंडपाठ असतात. कॉलेजातल्या भाच्याला फुटबॉलवाल्या भिंती माहीत असतात. सकाळी रंकाळ्यावर फिरायला जाणारे काका रस्त्यातली प्रत्येक भिंत ओळखतात. आजी-आजोबांना तर पुसून गेलेल्या भिंतीही आठवतात, आणि जिथं एकदा चित्र होतं तिथं पुन्हा चित्र निघण्याची शक्यता बरीच असते. कारण भिंत मोठी आहे, रस्त्यावरून दिसते आणि मालकाची ना नसते.

उत्तरं लिहून घेताना चौक, तिकटी, वेस किंवा तालीम यांच्या आधारानं लिहा. ‘अमक्या तालमीच्या मागं, दुसरा बोळ, डाव्या हाताला’ हाच इथला खरा पत्ता. मोबाइलच्या नकाशावर खूण करून ठेवा, पण तिच्यावर सगळा भरवसा टाकू नका. पेठांतले बोळ एकमेकांना इतके लागून आहेत की खूण सहज पलीकडच्या बोळात पडते. म्हणून खुणेच्या नावातच ‘डावीकडे, निळ्या दाराच्या समोर’ असं काहीतरी घाला. नकाशात रस्त्याचे फोटो दिसत असतील तर ते कुठल्या महिन्या-वर्षाचे आहेत तेही बघा. दोन पावसाळ्यांपूर्वीच्या फोटोतली भिंत आज तशीच असेल असं धरून चालू नका.

वेळ न्याहारीच्या आधीची

पाहुण्याचा दिवस जेवणाच्या आमंत्रणांत जातो, तेव्हा सकाळचे दोन तास हेच आपले. दिवाळीच्या सुमारास कोल्हापुरात साडेसहाच्या आसपास उजाडतं, डिसेंबरअखेर सातला, मे महिन्यात सहाला. उजाडल्यापासून दोन तासांत बाहेर पडून परत आलात तर पोहे गरम मिळतात आणि कुणी खोळंबत नाही. सकाळचा आणखी एक फायदा म्हणजे शटरवरची चित्रं. ती दुकान बंद असतानाच दिसतात, दहानंतर गुंडाळली जातात. शिवाय भिंतीला टेकून लावलेल्या गाड्यांची गर्दीही तोवर वाढलेली नसते. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ त्यातल्या त्यात निवांत. फटाक्यांच्या धुराचा थर मात्र उतरू द्या, नाहीतर सगळे रंग मळकट येतात.

आता दिशा. चित्र नीट बघायला आणि टिपायला त्यावर थेट ऊन नसलेलं बरं. उन्हात तारांच्या, फांद्यांच्या, बाल्कनीच्या सावल्या चित्रावर पडतात आणि ऑइल पेंटची भिंत चकाकते. म्हणून पश्चिमेला तोंड असलेली भिंत सकाळी बघा, पूर्वेला तोंड असलेली दुपारी तीननंतर. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेकडं तोंड असलेली भिंत केव्हाही चालते. दक्षिणेकडची सगळ्यात अवघड. तिच्यासाठी ऊन चढायच्या आधी जा, नाहीतर मावळल्यावर वीसेक मिनिटांत. मे महिन्यात येणाऱ्यांनी दुपार टाळावी हे उन्हासाठी आहेच, पण दुसरंही कारण आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात भरदुपारी इथं सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, ऊन भिंतीला घासून खाली उतरतं आणि गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा चित्रापेक्षा जास्त दिसू लागतो. उठावचित्र बघायचं असेल तर मात्र असंच तिरकं ऊन हवं.

पेठांमधली एक वाट

बिंदू चौकातून निघा. तिथं जुन्या तटाला लागून कारागृह आहे, त्या बाजूला मोबाइल खिशात ठेवा. मिरजकर तिकटीवरून खासबाग मैदानाकडे या. शाहू महाराजांनी बांधलेलं हे कुस्तीचं मैदान १९१२ सालचं. मैदानाभोवती आणि पुढे मंगळवार पेठेत शिरलात की तालमी लागतात. तालमीच्या दर्शनी भिंतीवर काय असेल याचा अंदाज बांधता येतो. हनुमान, लढतीतले मल्ल, शिवाजी महाराज, शाहू महाराज. ही चित्रं सहसा दाराच्या वरच्या पट्टीत किंवा दोन्ही बाजूंच्या खांबांवर असतात, म्हणून मान वर करून चाला. तालमीच्या आत जायचं असेल तर आधी विचारा, चपला बाहेर काढा, आखाड्याच्या मातीत पाय टाकू नका.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ दिसेल. तिथं जरा थांबा, कारण या गावातल्या भिंतींचा त्याच्याशी संबंध आहे. स्वतः कॅमेरा बनवून सिनेमे काढणारे बाबुराव पेंटर (१८९०–१९५४) आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. लांबून बघायचं, मोठ्या आकाराचं, हुबेहूब वाटणारं चित्र काढायची ती विद्या पुढे सिनेमाच्या पोस्टरांत आणि बॅनरांत उतरली. गावात दळवीज आणि कलानिकेतनसारख्या चित्रकलेच्या शाळा असल्यामुळे शिकलेला हातही कायम मिळत आला. म्हणून इथल्या भिंतीवर चेहरा असेल तर तो सोडून पुढे जाऊ नका. उजेड एका बाजूनं आलाय का बघा. गालाच्या अंधाऱ्या बाजूला नुसता काळा थापलाय, की तिथं तपकिरी, जांभळट, हिरवट छटा आहेत? नाकाखालची सावली आणि मानेखालची सावली एकाच दिशेला पडतात का? जमलेल्या चेहऱ्यात डोळ्यातला पांढरा ठिपकाही त्याच बाजूला असतो. फोटो प्रोजेक्टरनं भिंतीवर पाडून नुसत्या कडा गिरवलेल्या चेहऱ्यात रेषा अचूक असते, पण छटा सपाट राहतात.

तिथून निवृत्ती चौकाकडे, शिवाजी पेठेत या. या भागात फुटबॉल सुरू होतो. पाटाकडील, खंडोबा, संध्यामठ, दिलबहार ही तालमींची आणि मंडळांची नावं म्हणजेच इथल्या संघांची नावं, आणि हिवाळ्यात शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू झाला की पेठा त्या रंगांत रंगतात. जागतिक स्पर्धेच्या वर्षी परदेशी खेळाडूही भिंतींवर येतात. ही चित्रं सगळ्यात कमी टिकतात, कारण ती घाईत, अस्तर न मारता काढलेली असतात. दिसल्या दिवशीच टिपा.

शेवटचा टप्पा रंकाळा. फिरायच्या वाटेच्या कडेच्या भिंती, बागेचं कंपाउंड आणि सार्वजनिक स्वच्छतागृहांच्या बाहेरच्या भिंती बघा. स्वच्छतेच्या मोहिमांत पहिल्यांदा रंगतात त्या याच प्रकारच्या जागा. परतताना गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरून धारोष्ण दूध घेऊन घरी जा, म्हणजे सकाळी कुठं गायब झालात हे विचारलं जात नाही. ही वाट बोळाबोळांतून साधारण तीन-साडेतीन किलोमीटर होते. बघत, थांबत दोन तास. लहान मूल किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर ती खासबागेपाशी तोडून दोन दिवसांत करा.

राजारामपुरीत गल्ल्यांना क्रमांक आहेत, त्यामुळे तिथं शोधणं सोपं. एक गल्ली वर, पुढची खाली, अशी नागमोडी चाल ठेवली की काही सुटत नाही. गावाबाहेर जाणार असाल, पन्हाळ्याला किंवा गारगोटीच्या रस्त्यानं, तर एसटीच्या खिडकीतून लक्ष ठेवा. सिमेंट, पंप, बियाण्यांच्या हातानं रंगवलेल्या जाहिराती वळणावरच्या भिंतींवर असतात, कारण वळणावर गाडी हळू होते. आणि जिल्हा परिषदेची शाळा कुठंही लागली तरी थांबण्यासारखी असते.

रंग आणि पद्धत ओळखणं

चित्राच्या दोन फुटांवर जाऊन बघा. कोळशाच्या किंवा पेन्सिलीच्या आडव्या-उभ्या चौकटी फिकट रंगाखालून दिसत असतील तर चित्र ग्राफ पाडून मोठं केलंय. छोट्या कागदावर चौकटी आखायच्या, भिंतीवर त्याच पटीत मोठ्या आखायच्या आणि एकेक चौकट उतरवायची, ही जुनी आणि खात्रीची पद्धत. अक्षरांच्या वर-खाली निळी रेघ उरली असेल तर ती दोरी मारल्याची खूण. निळीत बुडवलेली दोरी ताणून सोडली की सरळ रेघ उमटते. कडेला रंगाचा बारीक फवारा उडालेला असेल आणि तेच फूल तंतोतंत तसंच पाच वेळा आलं असेल, तर ते स्टेन्सिल आणि स्प्रे.

ऑइल पेंट जाड, चकचकीत असतो आणि त्यात ब्रशच्या केसांच्या रेघा राहतात. प्लास्टिक पेंट मंद, सपाट दिसतो. डिस्टेंपर बाहेरच्या भिंतीवर वापरला असेल तर खाली जमिनीवर आणि कंपाउंडच्या पायथ्याला रंगाची पूड सांडलेली दिसते. हात लावून बघायची गरज नाही. बोट फिरवलं की तेवढा रंग निघून येतो आणि परत बसत नाही.

भिंत का बिघडली हेही वाचता येतं. तळाच्या दोन-तीन फुटांत पांढरा खार आणि पोपडे असतील तर ओल जमिनीतून वर चढलीय. पाणी सुकताना भिंतीतले क्षार पृष्ठभागावर येतात आणि रंगाला आतून ढकलतात. शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर अशा २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बुडालेल्या भागात एका ठरावीक उंचीवर सरळ आडवी सीमा दिसली तर ती पुराच्या पाण्याची रेघ असू शकते. शेजारच्या दोन-तीन भिंतींवर त्याच उंचीला ती आहे का, ते ताडून बघा. खिडकीच्या सज्जाखाली उभे तपकिरी ओघळ असतील तर पागोळीचं पाणी थेट चित्रावर येतंय. उत्तरेकडच्या, ऊन न लागणाऱ्या भिंतीवर पावसाळ्यानंतर काळी-हिरवी बुरशी धरते. रंग मोठ्या ढलप्यांनी सुटला असेल तर बहुतेक वेळा अस्तर चुकलेलं असतं. एक तर प्रायमर मारला नाही, नाहीतर गिलावा ओला असतानाच रंगवलं. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला रंगाआधी साधारण २८ दिवस द्यावे लागतात. उद्घाटनाची तारीख जवळ आली की नेमकं तेच राहून जातं.

सगळं चित्र निळसर झालेलं दिसलं तर ते तसं काढलेलं नसतं. स्वस्त लाल आणि पिवळे रंग उन्हानं आधी उडतात, निळा मागं राहतो. गेरू मात्र उडत नाही, म्हणून देवळाच्या गेरूच्या पट्ट्या शेजारच्या चित्रापेक्षा ताज्या वाटतात.

चित्र कधीचं?

सहीशेजारी वर्ष असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर मजकुरात खुणा असतात. ₹ हे चिन्ह २०१० पासूनचं, त्याआधी ‘रु.’ लिहीत. गांधीजींच्या चष्म्याची खूण ऑक्टोबर २०१४ नंतरची. ‘जीएसटी’ लिहिलं असेल तर २०१७ नंतर, मास्क आणि हात धुण्याचे संदेश असतील तर २०२०–२१. जाहिरातीत ०२३१ पुढे सहाच आकडे असतील आणि मोबाइल नंबर नसेल, तर भिंत बरीच जुनी आहे, तिला आधी वेळ द्या. शाहू महाराजांच्या चित्रावर ‘स्मृतिशताब्दी’ असेल तर ते २०२२ च्या आसपासचं. पिन कोड असेल तर १९७२ नंतरचं. अशा खुणा ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच सांगतात, म्हणून नोंदीत ‘२०१४ नंतर’ असं लिहा, ‘२०१४’ लिहू नका. एका थराखाली दुसरा थर डोकावत असेल तर दोन्ही वेगळे नोंदवा.

फोटो

भिंतीच्या रुंदीच्या दीडपट मागं सरका, मोबाइल चित्राच्या मध्याच्या उंचीला धरा, ग्रिड चालू करा आणि भिंतीची खालची कड ग्रिडच्या रेघेला समांतर आणा. वाइड लेन्स वापरू नका, कडेचे चेहरे ताणले जातात. आधी सगळं चित्र, मग चार-पाच तुकडे, मग सहीचा कोपरा. सही बहुतेक वेळा खाली उजवीकडे असते, कधी कधी ‘अमुक आर्ट्स’ एवढंच.

बोळात मागं सरकायला जागाच नसते. तिथं पॅनोरमा चालू करून जागेवर वळलात तर सरळ भिंत धनुष्यासारखी वाकते. त्याऐवजी भिंतीला समांतर चाला, दर दोन पावलांवर थांबून एक फोटो घ्या, आणि प्रत्येक फोटोत आधीच्याचा तिसरा हिस्सा येऊ द्या. हे फोटो नंतर घरी जोडता येतात.

एक साधा कोरा ए-४ कागद बरोबर न्या. तो २१ × २९.७ सेंटिमीटर असतो. भाचीला तो चित्राच्या खालच्या कोपऱ्यात भिंतीला न चिकटवता धरायला सांगा आणि एक फोटो कागदासकट, एक त्याच्याशिवाय घ्या. त्या कागदामुळे चित्राचा आकार काढता येतो आणि रंग सुधारताना खरा पांढरा कुठला तेही कळतं. मुलांना काम मिळतं, ती कंटाळत नाहीत. गाडी आड आली असेल तर मालकाला विचारा, स्वतः ढकलू नका.

माणसांशी बोलणं

समोरच्या पानपट्टीवर किंवा किराणा दुकानात विचारा: ‘काका, ही भिंत कुणी रंगवली हो? पेंटर इथलेच का?’ नाव तर मिळतंच, बहुतेक वेळा फोन लावूनही देतात. पेंटर भेटले तर तीन गोष्टी विचारा. रंग कुठला वापरला, किती दिवस लागले, आणि भिंत कुणी सांगितली, म्हणजे मंडळानं, मालकानं की पालिकेनं. ‘चित्र छान आहे’ म्हणून थांबू नका. कुठला भाग आवडला तो दाखवा. मग माणूस खुलतो, आणि आपली आणखी दोन-चार कामं कुठं आहेत ते स्वतःहून सांगतो. एका पेंटरकडून दुसरी भिंत, दुसऱ्या भिंतीवरून तिसरा पेंटर, ही साखळी सगळ्यात जास्त चित्रं मिळवून देते.

शाळा सुट्टीत बंद असते, तेव्हा कंपाउंडच्या बाहेरूनच बघा. फाटक उघडं असलं तरी आत शिरू नका, शिपाई किंवा मुख्याध्यापकांना विचारा. घराच्या भिंतीवरचं चित्र टिपताना खिडकी, दारातल्या बायका, वाळत घातलेले कपडे फोटोत येऊ देऊ नका. टेंबलाई टेकडीकडच्या लष्करी हद्दीत आणि कारागृहाजवळ फोटो नकोतच.

चित्र रस्त्यावर आहे म्हणून ते सगळ्यांचं होत नाही. रस्त्यावर कायमचं उभं असलेलं शिल्प टिपायला कॉपीराइट कायद्यात जी सूट आहे ती रंगवलेल्या चित्राला तशी लागू होत नाही. स्वतःसाठी फोटो ठेवणं वेगळं. पण कॅलेंडर, टी-शर्ट, जाहिरात अशा कामाला वापरायचं असेल तर चित्रकाराची लेखी परवानगी घ्या. समाजमाध्यमावर टाकताना नाव लिहा आणि चित्राखालची सही कापू नका. फोन नंबर मात्र विचारल्याशिवाय पसरवू नका.

नोंद ठेवताना

त्याच संध्याकाळी, दुसऱ्या घरी जेवायला जायच्या आधी, प्रत्येक चित्रासाठी पाच ओळी लिहा: जागा आणि खूण, भिंतीचं तोंड कुठल्या दिशेला, अंदाजे लांबी-उंची, रंग आणि पद्धत, पेंटरचं नाव किंवा ‘सही नाही’. सहावी ओळ बिघाडाची. फाइलला ‘२०२५-१०-२३ मंगळवार-पेठ ०४’ असं नाव द्या, म्हणजे पुढच्या सुट्टीत तीच भिंत शेजारी ठेवून ताडता येते. गणेशोत्सवाच्या आधी मंडळं भिंती पुन्हा रंगवतात, दिवाळीला घरमालक रंगवतात, निवडणुकीची आचारसंहिता लागली की राजकीय मजकुरावर पांढरा फिरतो. या तीन वेळांच्या आधीचे आणि नंतरचे फोटो असतील तर भिंतीचा इतिहास आपोआप तयार होतो. तुम्ही गावी नसाल तेव्हा हे काम भाच्याला सांगून ठेवा. त्याला जुना फोटो पाठवा आणि त्याच जागेवर उभं राहून नवा घ्यायला सांगा.

पावसानं सकाळ घालवली तर टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात जा. तिथं कोल्हापूरच्या चित्रकारांची मूळ चित्रं आहेत, आबालाल रहिमान यांचीही. राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलादालनही त्याच दिवसात बसतं. जाण्याआधी वेळ आणि सुट्टीचा वार फोन करून विचारा, सणाच्या दिवसांत ते बदलतात.